आंगाला मी लोटलं

बायको शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा तिला सांगायचं ठरवलं होतं. पण तिला पाणी पाजलं आणि उठून बाहेर गेलो. म्हणजे हे आजवर कुणालाच माहीत नाही.

शहरातल्या म्युझियममध्ये काचेपलीकडे आमच्या गावचा आंगा ठेवलाय. आंगा म्हणजे आमचा देव — लाकडाचा, पुढच्या टोकाला तोंड कोरलेलं, धरायला आडवे दांडे. चौघांनी त्याला खांद्यावर घ्यायचं, प्रश्न विचारायचा आणि खांदे सैल सोडायचे. तो ओढेल तिकडे जायचं. आपलं मन मध्ये घालायचं नाही — एवढीच रीत.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील. जिल्हा तेव्हा चांदाच होता. म्युझियमसाठी वस्तू जमवत एक साहेब आले. आमचा आंगाच मागितला, पण भला माणूस. "तुमच्या देवालाच विचारा," म्हणाले. पण आदल्या दिवशी सहज मला बोलले होते — शिकलेला दिसतोस, जंगलखात्यात नाकेदार म्हणून लावून देऊ. त्यांनी अट घातली नव्हती. देव गेला तर नोकरी, ही अट मीच घातली, मनातल्या मनात. खाकी सदरा घालूनही पाहिला.

भर दुपारी चौघांनी आंगा उचलला, त्यांत मी एक. भूम्यानं — गावचा पुजारी, माझा सख्खा मामा — विचारलं, "जाशीन का देवा, का राह्यशीन?" सडकेकडे निघाला तर जाणार, देवगुडीकडे, म्हणजे त्याच्या देवळाकडे वळला तर राहणार. मोहाच्या झाडाखाली अख्खं गाव बसलेलं.

आंगा वळला. देवगुडीकडे. उजव्या खांद्याला ओढ लागली — हलकीच, कुशीतलं मूल झोपेत वळतं तशी. तुम्ही काय केलं असतं? मी टाच रोवली आणि त्याला सडकेकडे लोटलं.

बाकीच्या तिघांना देवच वाटला. ते सैल होते ना! त्यांनी रीत पाळली, म्हणून तर माझा एकट्याचा जोर पुरला.

बाया रडायला लागल्या तसा मामा त्यांच्यावरच ओरडला, "तो आपल्या मनानं चालला, रडून राह्यल्या काऊन?" आणि पुढे मरेपर्यंत रिकामी देवगुडी झाडत राहिला. मी खाकी घालून गावात गेलो की जवळ बसवायचा.

"तुया खांद्यावर होता ना, बापू — जातानी काई बोलला का रे?"

"नाई, मामा."

किती वेळा म्हणालो असेन?

मामा गेल्यावर एकदाच म्युझियममध्ये गेलो. दालनात कुणी नव्हतं. काचेसमोर उभा राहिलो आणि उजवा खांदा दबला — रिकामा खांदा! मग ओढ लागली. तीच. दाराकडे. माझे पाय आपोआप मागे सरकू लागले.

त्या दिवशीही गावात जाऊन खरं बोललो असतो, तर गावानं त्याला परत मागितलं असतं. पण मग अंगावरची खाकी? लोकांची तोंडं? मला लाज नाही वाटली, भीती वाटली.

मी कठडा घट्ट धरला, टाच रोवली, आणि त्याला पुन्हा आत लोटलं.