अडवलेला दाखला

खून-दरोड्यांचे तपास मी पुष्कळ केले, पण मन अजून वळते ते जळगावच्या एका साध्या चोरीच्या तक्रारीकडे. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची गोष्ट. मी तिथे फौजदार होतो.

सकाळीच एका खाजगी शाळेचे चिटणीस हेडमास्तरांना बरोबर घेऊन ठाण्यावर आले. हेडमास्तरांच्या कपाटातून एका विद्यार्थिनीचा शाळा सोडल्याचा दाखला चोरीला गेला, अशी त्यांची तक्रार होती. मुलगी भडगावकडची, मॅट्रिक झालेली. मध्येच वडील वारले आणि फी थकली. बाकी फिटल्याशिवाय दाखला द्यायचा नाही, असा शाळेच्या मंडळाचा नियम. इकडे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तिची निवड झालेली, पण दाखल्यावाचून प्रवेश नव्हता. चिटणिसांचा संशय तिच्यावरच होता.

जागेवर जाऊन पंचनामा केला. कपाटाचे कुलूप शाबूत, किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. ज्याच्याकडे चोरी होते, तो माणूस आपले कुलूप पुन्हा पुन्हा चाचपून पाहतो. हे गृहस्थ मात्र कपाटाकडे पाठ करून खिडकीपाशी उभे होते.

दुपारी टांगा अड्ड्यावरून खबर आली. मायलेकी स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या. पोरीला दाखला मिळाला, उद्या ती पुण्याला निघणार, असे आई टांग्यात बसून कौतुकाने सांगत होती. चोरीच्या मालाबद्दल कुणी असे बोलत नाही, हे मला तेव्हाच खटकले. तरी झडती घ्यावीच लागली. मुलीच्या ट्रंकेत दाखला सापडला. दोघींना ठाण्याच्या व्हरांड्यात बसवले आणि हवालदाराच्या पत्नीला सोबतीला बोलावले.

दाखला कुणी दिला, हे मी तऱ्हेतऱ्हेने विचारले. गुन्हा शाबीत झाला तर कॉलेज आणि पुढची नोकरी दोन्ही जातील, हेही बजावले. मुलगी रडली, पण एवढेच म्हणाली, "मी चोरी केली नाही. बाकी काही विचारू नका."

आईने हात जोडले आणि आपल्या अहिराणीत पोरीची बाजू घेतली. "साहेब, मनी पोर चोर नही शे."

मी एकटाच हेडमास्तरांच्या घरी गेलो. मुलगी ठाण्यात आहे, उद्या मॅजिस्ट्रेटसमोर उभी करावी लागेल, असे सांगितले.

"तिनं नाव सांगितलं?" त्यांनी विचारले.

"नाही."

ते म्हणाले, "दाखला मी दिला. सही करून, माझ्या हातानं. मंडळाला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तिला गप्प राहायला सांगितलं. सकाळी तुमच्यासमोर बोलायचा धीर झाला नाही."

घरात चार लहान मुले होती. तरी त्यांनी कोट चढवला, माझ्याबरोबर ठाण्यावर आले आणि चिटणिसांसमोर तसाच जबाब दिला. चिटणीस भडकले, नियम सांगू लागले. हेडमास्तरांकडे जाण्याआधीच घेऊन ठेवलेले सरकारी वकिलांचे मत मी त्यांना ऐकवले. मंडळाचा नियम म्हणजे कायदा नव्हे, बाकी वसूल करायची तर दिवाणी कोर्ट आहे, आणि हेडमास्तरांनी स्वतः दाखला देणे ही चोरी होत नाही. चिटणीस निघून गेले. प्रकरण गैरसमजाचे म्हणून मी कागद मिटवले आणि दाखला मुलीला परत दिला. मंडळानेही पुढे हेडमास्तरांना ताकीद देण्यावर भागवले.

मुलीने दाखला पदराआड धरला आणि वाकून हेडमास्तरांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसल्याचे स्टेशनवरच्या शिपायाने येऊन सांगितले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फीसाठी दाखला अडवता येतो की नाही, याबद्दल कायद्यात स्पष्ट शब्द माझ्या वाचनात कधी आला नाही. तो असायला हवा. थकलेली बाकी कोर्टातून वसूल होते, वाया गेलेले वर्ष होत नाही. आणि आरोपी तोंड उघडत नाही म्हटले की गुन्हा त्यानेच केला, असे मी तोवर धरून चालत असे. त्यानंतर मात्र आधी स्वतःला विचारत आलो, हा स्वतःला वाचवतो आहे की दुसऱ्या कुणाला?