नगरदेवाकडची तक्रार

शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ग्योक-हुनबाई मुख्याध्यापकाविरुद्धची तक्रार घेऊन चिआयी शहराच्या नगरदेवापुढे, त्याच्या देवळात, उभ्या राहिल्या. अक्षर इतकं सुरेख, की शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीनं "माझीही लिहून द्या की" म्हणून गळ घातली. बाई बसल्या त्या बसल्याच. पुजाऱ्यानं खांबाजवळ टेबल टाकून दिलं, त्यालाही आता एकवीस वर्षं झाली. माणसांच्या कोर्टात ज्याची दाद लागत नाही, ते बाई पिवळ्या कागदावर उतरवायच्या. कागद देवळाच्या भट्टीत जाळला, की देवाला पोचला.

एका सकाळी भाजीवाली त्सुन-बी तणतणत आली.

"धाकट्या बहिणीविरुद्ध लिहा, बाई. आई तिच्याकडे होती. गेली, तर सगळे विधी उरकल्यावर कळवलं मला! पाच वर्षं तिचं तोंड पाहिलेलं नाही. देवानं तिला फरफटत आणावी."

"हळू सांग गं. नाव, पत्ता, जन्मवेळ? नाहीतर देवाचे शिपाई भलतीलाच धरतील."

"त्सुन-लान. ड्रॅगनचं वर्ष, नववा महिना, सहा तारीख. पहाटे." त्सुन-बीचा आवाज उतरला. "मी नऊ वर्षांची होते. पाणी मीच तापवलं. आईनं पहिल्यांदा माझ्याच हातात दिली तिला."

बाईंनी तेही लिहिलं आणि सगळा कागद वाचून दाखवला. त्सुन-बीनं कागद हातात घेतला, पण भट्टीकडे गेली नाही.

"जाळायचा की नाही, देवालाच विचार," बाई म्हणाल्या.

त्सुन-बीनं देवाचा होकार-नकार सांगणारे दोन लाकडी कौल जमिनीवर टाकले. दोन्हींच्या सपाट बाजू वर. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही.

"ना हो, ना नाही. देव हसतोय तुला."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"न्यायाधीश आहे तो. दुसरी बाजू ऐकून घेतल्याशिवाय निकाल कसा देईल? तू विचारलंस तिला?"

त्सुन-बी अंगणात जाऊन बराच वेळ फोनशी चाळा करत राहिली. मग तिचा मोठा आवाज ऐकू आला, आणि मग काहीच ऐकू येईना. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"आई गेली तेव्हा माझं ऑपरेशन होतं. आईनंच शपथ घातली होती, म्हणे, मला कळवू नको म्हणून. नंतर मी हिला बोलूच दिलं नाही."

कागद तिनं फाडला नाही, घडी घालून पिशवीत ठेवला. नगरदेवाच्या मिरवणुकीच्या दिवशी दोघी बहिणी एकत्र आल्या. नैवेद्याचं ताट कुणी धरायचं, यावरून हमरीतुमरी चालली होती.

बाईंनी टेबल जरा बाजूला सरकवून त्यांना वाट करून दिली.