पडद्यामागचं वाचन

आमच्या घरात मारायला कारण लागत नसे. ताकात केस निघाला, बैल दमला, चुलीचा धूर ओसरीवर आला, काहीही चालायचं. मारणारे एकच, माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बैलाला चाबूक, गड्याला पायताण, पोरांना हाताला येईल ते आणि बायकांना वेताची काठी, अशी त्यांची वाटणी ठरलेली होती. गावात मात्र त्यांना मोठा मान. उसाचे बागायतदार, फेटा कडक, बोलणं रोखठोक. वाचनालयाच्या इमारतीला त्यांनी दगड दिले होते आणि ते कुणालाही विसरू देत नसत.

वडील फौजेत होते. त्यांचं पत्र आलं की आबा ओसरीवर बसून साऱ्या घराला ऐकू जाईल असं वाचायचे, त्यामुळे वडील पत्रात थंडीवाऱ्याखेरीज काही लिहीत नसत. आई दाराआडून ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं आणि आबांपुढे बोलता तर मुळीच येत नव्हतं. थोरल्या दिरापुढे धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पाणी तापलं तर तिनं बांगड्या वाजवायच्या, जेवण झालं तर मला निरोप्या करून पाठवायचं. एका छपराखाली इतकी वर्षं काढून आबांनी आईचा आवाज ऐकलेला नव्हता. रडण्याचासुद्धा नाही, कारण मार खाताना ती पदराचा बोळा तोंडात कोंबायची. या रीतीचं कौतुक करणारे लोक मला अजून भेटतात. त्यांच्याशी मी भांडते.

आष्ट्याच्या बाजाराला चालत जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. चैत्रात आमचं वाचनालय नुसतं गजबजायचं. सकाळी लहान पोरांना गोष्टी, मग शाळकरी मुलांची वक्तृत्व स्पर्धा, दुपारी बायकांचं हळदीकुंकू, कैरीची डाळ नि पन्हं, म्हाताऱ्यांना भजन आणि संध्याकाळी सांगली-साताऱ्याहून आलेल्या पाहुण्यांची व्याख्यानं. त्या वर्षी हिवाळ्यापासूनच मागच्या खोलीत बायकांचा साक्षरता वर्ग चालू होता. तो भरायचा दुपारी, आबा घोरत असताना. आई गेली की माझी चुलती, म्हणजे आबांची बायको, आई रानात गेल्याचं बेधडक सांगायची. तिलाही मार चुकलेला नव्हता, मग खोटं बोलायला ती कशाला घाबरेल?

चैत्रातल्या कार्यक्रमांच्या शेवटच्या दिवशी वर्गातल्या बायकांनी स्वतः लिहिलेलं वाचायचं, असं वर्ग घेणाऱ्या बाईंनी ठरवलं. सासरे, दीर समोर बसलेले असताना एकही बाई उभी राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी शाळेच्या नाटकाचा पडदा मागून आणला. बाईनं पडद्यामागून वाचायचं, कुणाचं नाव पुकारायचं नाही. मी आईला म्हटलं, नको जाऊस, आबा पहिल्या रांगेत असणार, कळलं तर जीव घेतील. माझं वय तेव्हा सतरा, आणि त्या काठीचा धाक मला आईपेक्षा जास्त होता.

आई भाकरी थापत होती. "एकदा मोठ्यानं बोलायचं हाय मला," ती म्हणाली. "शेवटापतुर. मग मारलं तरी चालंल."

शेवटच्या दिवशी उन्हं कलताना कार्यक्रम सुरू झाला. आबा पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर, गुडघ्यांत काठी धरून. आम्ही बायका कडेला सतरंजीवर, पन्ह्याच्या कळशीजवळ. पहिल्या बायकांचं वाचन कुणाला धड ऐकूच आलं नाही, इतक्या त्या पुटपुटल्या. मग आईचा आवाज आला. मीसुद्धा दचकले. घरात आमच्याशीही ती दबक्या आवाजात बोलायची, आणि इथे तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

ती वाचत होती: "माझं माहेर माण तालुक्यात. तिथं पाणी न्हाई. माझी आई मेंढरांमागं हिंडायची आणि मोठ्यानं हाळी द्यायची. मी बी द्यायची. लगीन होऊन मी उसाच्या गावात आले. हितं पाणी लय हाय. हितं मला मारत्यात. म्हशीला मारलं तर ती हंबरती. मला तेवढी बी मुभा न्हाई."

आबा पुढे झुकून ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आई श्वास घ्यायला थांबली, तेवढ्यात ते शेजारच्या पाहुण्यांना ऐकवत मोठ्यानं म्हणाले, "कुणाच्या घरची रं ही? असल्या बाईवर हात टाकणाऱ्याचा हात मोडाय पायजे."

मान डोलावली लोकांनी. मग पडद्यामागून उत्तर आलं.

"तुमच्याच घरची हाय, भावजी."

आबांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तसे ते उठले आणि त्यांनी पडद्याला असा हिसका दिला की बांबू मोडून खाली आला. आई कागद घेऊन उभी होती. पहिली काठी तिच्या खांद्यावर बसली, दुसरी कपाळावर. कागद तिच्या हातातच फाटला. पदर तिनं तोंडात घातला नाही. ती ओरडली, माणच्या माळावर ओरडावं तशी, आणि प्रत्येक फटक्याला ओरडत राहिली. पुरुष उभे राहून बघत होते. त्यांच्या घरचा मामला आहे, असं कुणीतरी म्हणालं. मी आबांच्या दंडाला कडकडून चावले, तर त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटावर भिरकावलं. काच फुटून माझं कोपर चिरलं. वर्ग घेणाऱ्या बाई मध्ये पडल्या, त्यांच्याही तोंडावर फटका बसला.

तेव्हा चुलती उठली. या बाईनं आयुष्यात कधी वर मान केली नव्हती. तिनं पन्ह्याची पितळी कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि आबांच्या मनगटावर घातली. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. काठी पडली. मग सतरंजीवरच्या सगळ्या बायका त्यांच्यावर तुटून पडल्या, कुणी चपलेनं, कुणी नुसत्या मुठींनी. फेटा पायाखाली गेला, पन्ह्यात रक्त मिसळलं. मला आनंद झाला. इतका आनंद मला पुढे कधी कशाचा झाला असेल, असं वाटत नाही.

मिरजेला नेऊन आबांचा हात प्लास्टरमध्ये घातला. मार काही थांबला नाही. ते डाव्या हातानं मारू लागले, चुलतीला सगळ्यांत जास्त. पण आईही गप्प बसेना. सकाळी दारात उभी राहून ती म्हणायची, "भावजी, पाणी तापलंय." ते तांब्या फेकून मारायचे. दुपारी ती म्हणायची, "भावजी, जेवाय वाढलंय." पुन्हा तेच. तिच्या कपाळावरची खपली धरायची नि फुटायची. मला ते बघवत नव्हतं आणि तिचा अभिमानही वाटत होता.

ज्येष्ठ महिन्यात वडील सुट्टीवर आले. ट्रंक खाली ठेवायच्या आत आबांनी त्यांना ओसरीवर बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "बायकूला गप कर, न्हाईतर ह्या घरात तुझं काय न्हाई." वडील थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. ते खाली मान घालून उभे राहिले. मग आत आले आणि त्यांनी आईच्या थोबाडीत मारली. एकच, पण ओसरीवर ऐकू जाईल अशी. आई ओरडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नि आई विहिरीवर धुणं धूत होतो. वडील आले, उगाच पाण्याच्या इंजिनाभोवती फिरले आणि शेवटी तिच्यासमोर बसले. वाचनालयात काय वाचलंस ते मलाही ऐकव, म्हणाले. तिच्या गालावर त्यांची बोटं अजून उमटलेली होती. आईनं हात पुसले. कागद राहिला नव्हता, पण तिला सगळं पाठ होतं. तिनं माहेरापासून सुरुवात केली, त्याच मोठ्या आवाजात. म्हशीपर्यंत आली तेव्हा वडील म्हणाले, "बास. कळलं मला."

"अजून हाय," आई म्हणाली. "त्या दिवशी ऱ्हायलंय ते."

आणि तिनं शेवटचं वाक्य म्हटलं, जसं लिहिलं होतं तसंच, एक शब्द न बदलता.

"माझं मालक लांब असत्यात, पण त्यांनी माज्यावर कवाच हात उचलला न्हाई."