जाळ कुणी हलवला नाही

आमच्या घरात देव्हारा नव्हता, पुस्तिकांची फळी होती. बाबा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. सुटीच्या दिवशी ते सभांना जायचे आणि येताना पातळ कागदाच्या पुस्तिका आणायचे. हुंड्याविरुद्ध, गंडेदोऱ्यांविरुद्ध, जातीविरुद्ध. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे माझ्या दम्यावर कुणी अंगारा लावला नाही की ताईत बांधला नाही. शेजारणींची ती हिंमतच नव्हती.

पण त्याच फळीवर निसर्गोपचाराची एक पुस्तिका होती. दम्याचं औषध तोंडानं ओढायच्या पंपाची सवय लागते, माणूस औषधाचा गुलाम होतो, असं तिच्यात छापलं होतं. बाबांच्या लेखी गुलामीहून वाईट काही नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप त्यांच्याच ताब्यात असायचा. छाती आवळली की आधी आल्याचा काढा, मग वाफ, मग भिंतीला टेकून हळू श्वास. काढ्यानं घसा सुखावायचा. छातीतली शिट्टी वाजतच राहायची.

दम्यात सगळ्यात आधी बोलणं बंद होतं. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागला की समोरचा कंटाळून दुसऱ्याशी बोलू लागतो. कॉलनीतल्या मैत्रिणी वाईट नव्हत्या. त्या फक्त पुढे निघून जायच्या.

बारावीच्या हिवाळ्यात सोनगीरला मामांच्या शेतात भरिताचं जेवण होतं. आमच्याकडे वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळलेल्या झाडांवर. त्या धुराशिवाय चव नाही, असं सगळे मानतात. मी लांब बांधावर बसले.

"तठे कसाले बसनी व माय? बठ्ठा आठे शेतस," मामांनी सगळ्यांत येऊन बसायला हाक मारली. तेवढ्यात वारा फिरला आणि धूर माझ्या अंगावर आला.

पंप बाबांच्या पिशवीत होता. मी हात पुढे केला.

"आधी गरम पाणी घे," बाबा म्हणाले. "एकदा सवय लागली तर जन्मभर सुटायची नाही. पुस्तिकेत स्पष्ट..."

"दाजी, भाषण मंग करा. पोरनं तोंड दखा," मामा म्हणाले.

मी पिशवी ओढून घेतली आणि सगळ्यांदेखत पंप घेतला. हळूहळू हवा आत जाऊ लागली. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते मला धुळ्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, पुस्तिकेसकट. डॉक्टरांनी ती चाळून परत दिली.

"आलं, तुळस, श्वासाचे व्यायाम, बरं वाटत असेल तर चालू द्या. पण पंपाच्या जोडीला, पंपाऐवजी नाही. सुजून आवळलेली श्वासनळी काढ्यानं उघडत नाही."

"आणि सवय?"

"तुम्हाला चष्म्याची लागली का?"

बाबा हसले नाहीत. रोज घ्यायचा पंप वेगळा, अचानक दम लागला तर घ्यायचा वेगळा, हे डॉक्टरांनी समजावलं. एसटीत बसल्यावर बाबांनी दोन्ही माझ्या हातात दिले. "तुझ्याकडेच ठेव," म्हणाले. त्यानंतर नवी पुस्तिका आली की ते ती मला पूर्वीसारखी वाचून दाखवेनात. फळीवर ठेवून द्यायचे.

शेतातल्या त्या प्रसंगाचा मला आजही राग येतो. आपल्या हवेसाठी आपल्याच माणसाच्या हातून पिशवी ओढावी लागणं, यात कसली आलीय मुक्ती? छापलेलं प्रत्येक अक्षर आपल्या बाजूचं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात माझी तब्येत चांगली होती. कॉलनीजवळच्याच एका शेतात भरिताचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "तू घरीच थांब बाई. धूर असतो."

"वांगी आधी भाजून घ्या. जाळ विझला की मी येते," मी म्हणाले.

"गरम गरम खायचं असतं ते," आई म्हणाली. मी बाबांकडे पाहिलं. ते चपला घालत होते.

सगळे गेले. मी दार लावलं आणि खाली बसून श्वासाचे व्यायाम केले. श्वास पूर्ण आत गेला, पूर्ण बाहेर आला, कुठेही अडकला नाही. समोर कुणी असतं, तर खूप दिवसांनी मला हवं तेवढं बोलता आलं असतं.