गुंडावरचं टिंब

सन दोन हजार चोवीस, वैशाखाचे दिवस. माझं वय तेव्हा बहात्तर. हे आधीच सांगतो, कारण वाचणारे म्हणतील बुढा चळला असंल. नाही चळलो. आजही बांधावर उभा राहून दूरची म्हैस कोणाची ते बिनचष्म्यानं सांगतो.

शाळा चौथीपर्यंत. मी बोलतो आणि माझी नात प्राची मोबाईलवर टाइप करते. मधात सुधारायला जाते, मी सुधारू देत नाही. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नव्हता... धानाच्या राखणीला आयुष्यभर शेतात एकटा झोपलो, रानडुकरं पाहिली, भूत नाही पाहिलं. कोणी असले अनुभव सांगायला लागला की मी तोंडावर म्हणायचो — पोट साफ ठेव बापा, झोप नीट लागंल.

आमचं गाव पवनी तालुक्यात, कोंढ्याजवळ. घरात मी, मुलगा अरुण, सून, आणि माझी मोठी बहीण गोदावरी. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली. माहेरी सगळे तिला गोदी म्हणायचे, मी बाई म्हणतो. तिचं डोकं हल्ली मागंपुढं होत होतं. सकाळी काय खाल्लं ते विसरायची, आणि मेलेल्या म्हशींची नावं घेऊन हाका मारायची.

तिचा एक पितळी गुंड आहे, पाणी भरायचा, आईनं लग्नात दिलेला. आमच्याकडे लेकीला भांडं देताना त्यावर नाव टाकून देतात — टिंबाला टिंब ठोकून. पण चिंचेनं अन् राखेनं घासून घासून तो गुंड आरशासारखा झाला. नाव कुठंच दिसत नाही. बाई म्हणायची, "माह्यं नाव आहे यावर." अरुण म्हणायचा, "हो आत्या, आहे." लहान लेकराला म्हणावं तसं. तिला ते कळायचं. मग ती पदर तोंडाला लावून बसायची.

प्राची वरठीकडे एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. तिथं घासून चकचकीत केलेले तुकडे मायक्रोस्कोपखाली ठेवतात, आणि सॉफ्टवेअर सांगते की गुळगुळीत दिसते ते खरं किती खडबडीत आहे. मी एकदा म्हटलं, "हात फिरवून समजत नाही का तुमच्या सायबाले?"

"हाताले नाही समजत, आबा."

मला राग आला होता. पण शनिवारी ती घरी आली तेव्हा तिचा स्वतःचा लहान मायक्रोस्कोप अन् लॅपटॉप घेऊनच आली. "आजीचं नाव शोधतो," म्हणाली. बाई तेव्हा भजनाला गेली होती. हे ध्यानात ठेवा.

मायक्रोस्कोप जरा जरा वरखाली करत तिनं गुंडाचे ढीगभर फोटो घेतले. सॉफ्टवेअरनं ते एकावर एक बसवले, आणि स्क्रीनवर रंगीत नकाशा आला. उंच ते लाल, खोल ते निळं. घासल्याच्या रेघा नांगरटीसारख्या. मग तिनं काही दाबलं, रेघा पुसट झाल्या... आणि खालून निळे टिंब वर आले. ओळीनं. अक्षरं!

"वाचा, आबा!"

मी वाचलं. "गों... दी."

"गोदी, आबा."

"गोदी कुठं? वर अनुस्वार आहे. डोळे फुटले का तुहे?"

तिनं पाहिलं. खरंच एक टिंब जास्तीचं होतं, गो च्या डोक्यावर. "कचरा असंल," म्हणाली. स्पिरिटनं पुसलं, पुन्हा फोटो घेतले. टिंब तिथंच. गुंड फिरवून घेतले. टिंब तिथंच. मग तीच म्हणाली, "कचरा असता तर उंच दिसला असता, लाल. हा तर खड्डा होय."

"म्हणजे नाव टाकणारा चुकला. अडाणी असंल."

"तुमच्यासारखा?"

"मी चौथी पास आहे. अन् माह्या बहिणीचं नाव मले येते."

ती हसली. मी नाही हसलो. म्हटलं, "बाईले आत्ता काही बोलू नको. चुकीचं नाव पाहून अजून रडंल. उद्या नीट काढ, मग दाखवू." तिनं त्या जागेभोवती पेनानं गोल करून ठेवला. बाई भजनाहून आली, जेवली, झोपली. आम्ही तिला त्यातलं काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी बाईचं अंथरूण रिकामं.

आधी घराघरांत पाहिलं, मग विहिरीत वाकून पाहिलं. बाई कधी कधी "घरी जातो" म्हणायची, म्हणून सगळ्यांनी धरलं की ती सासरच्या रस्त्यानं गेली. अरुण अन् गावातली माणसं मोटरसायकली घेऊन अड्याळकडे गेली. ऊन चढलं. वैशाखातलं आमच्याकडचं ऊन... जनावरं सावली सोडत नाहीत. फोनवर फोन, पत्ता नाही. सून देवाजवळ बसली.

मी ओसरीवर बसलो होतो. समोर गुंड पालथा ठेवलेला, पेनाचा गोल वर. आणि एकदम मी तो शब्द पुन्हा वाचला. नाव म्हणून नाही, नुसता शब्द म्हणून.

गोंदी!

गावामागं एक बोडी आहे, लहान तळं. तिच्या पाळीवर गोंदीचं झाड होतं, चिकट फळांचं. आम्ही बहीणभाऊ म्हशी घेऊन तिथंच असायचो. आई विचारायची, "पोरं कुठं मेली?" शेजारीण सांगायची, "गोंदीवर." झाड तुटून जमाना झाला. आता सगळे तिला शाळेमागची बोडी म्हणतात. प्राचीनं बोडीसाठी गोंदी शब्द कधी ऐकला नव्हता, अरुणनंही नाही. गावात तो शब्द मला अन् बाईलाच उरला होता.

मी दुपट्टा डोक्याला बांधला. अरुणचा फोन आला. बोडीकडं जातो म्हटलं, तर म्हणाला, "बाबा, तिकडं काय आहे? बोडी तं आटली. तुम्ही कुठं पडले तं मी कोणाकोणाले पाहू?"

"मले नको पाहू," म्हटलं, आणि निघालो. प्राची पाण्याची बाटली घेऊन मागं पळत आली.

बोडी कोरडी, चिखलाला भेगा. झाडाच्या जागी पाळीची माती खचून खड्डा झालेला, त्यावर बेशरमाची झुडपं. त्या टीचभर सावलीत बाई बसली होती. पाय पोटाशी, ओठ पांढरे. मला पाहून म्हणाली, "नामा, किती वेळ लावला रे! म्हसी गेल्या नं घरी?"

"गेल्या, बाई. चाल तू."

प्राचीनं तिला घोट घोट पाणी पाजलं, अरुण धावत आला. सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. संध्याकाळी बाई घरी आली आणि चहात साखर कमी म्हणून सुनेवर खेकसली. तसं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

मग प्राचीनं पेनाच्या गोलावर पुन्हा मायक्रोस्कोप लावला. त्याच रेघा, तीच अक्षरं. गोदी. वर टिंब नाही. तिनं पुन्हा फोटो घेतले, पुन्हा घेतले. तिचा चेहरा उतरला. "धातूतला खड्डा बुजत नाही, आबा," एवढंच म्हणाली.

बाईला स्क्रीन दाखवली. तिनं बोट ठेवून वाचलं. "गोदी. सांगत होतो नं मी!" अरुणनं तिच्या पायाला हात लावला.

शनिवारचा फोटो अन् रविवारचा फोटो, दोन्ही लॅपटॉपात आहेत. प्राचीच्या सरांनी नंतर पाहिले. म्हणाले उजेडाचा फरक, सेटिंगचा फरक. असंल. पण मग तो फरक नेमका त्या अक्षराच्या डोक्यावरच कायले बसला? बाईनं शब्द ऐकला म्हणून ती तिकडं गेली म्हणावं, तर ती भजनात होती. मला काही सांगता येत नाही. मी हट्टी माणूस, सांगता येत नाही असं सहसा म्हणत नाही.

पण ही सरांची गोष्ट नंतरची. सोमवारी सकाळी मी गुंड पोत्यात घालून पवनीची बस धरली. प्राची दारात आडवी आली होती. "आबा, नवीन नाव टाकलं तं खालचं पुन्हा मोजताच येणार नाही!"

"नकोच मोजू," म्हटलं.

भांड्याच्या दुकानात नाव टाकायची मशीन होती. पोरगा म्हणाला, "काय लिहू, बाबा?"

"गोदी. खोल टाक. नुसत्या डोळ्यानं दिसलं पाहिजे."

"वर अनुस्वार?"

"नाही."

मशीन घरघर करत होती तोवर मी गो च्या डोक्यावर, ते टिंब आलं होतं तिथं, अंगठा दाबून धरला. तो म्हणाला, "बाबा, अंगठा काढा नं, सुई लागंल."

म्हटलं, "लागू दे. तू आपलं काम कर."