वसंताचा खोकला

हे मी कुणालाच बोललेलो नाही. बोललो असतो तर वसंताला बोललो असतो, पण वसंता या भानगडीच्या आधीच मेलेला आहे. मग राहिलात तुम्ही. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं. बसा. चहा विचारत नाही, मला तो नीट जमत नाही.

मी नकलाकार. म्हणजे पोटासाठी जन्मभर विमा ऑफिसात कारकुनी केली, पण सोसायटीच्या गणपतीत 'नानांच्या नकला' हा आयटम ठरलेला. बायको गेली, मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली, गुडघे गेले. हशा मात्र मला अजून लागतो. कुणाला तंबाखू लागते ना, तसा. आता घरात बोलायला कुणी नाही तर नकला कुणाच्या आणि कुणासमोर करणार? आरशासमोर? केल्यात. आरसा हसत नाही.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. पोरं ठाण्याला, पुण्याला, परदेशात. राहिलो आम्ही—कवळ्या, कानातली यंत्रं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची. तिसऱ्या मजल्यावर अलीकडे राहायला आलेली मृण्मयी सिनेमावाल्यांत असते. तिने ठरवलं, आमच्यावरच भुताचा विनोदी सिनेमा काढायचा. नाव 'कोरम'. सोसायटीची सभा भरते, पण कोरम काही होत नाही, कारण निम्मे सभासद वारलेत. सेक्रेटरी वैतागून ओरडतो, "अरे, जिवंत असाल नसाल, सह्यांपुरते तरी या!" आणि ते येतात. मग दर सभेला येतात, आणि बिल्डिंग पाडायच्या ठरावाला हात वर करून विरोध करतात. झकास की नाही? भुतं म्हणजे आम्हीच, तोंडाला टाल्कम पावडर फासून.

मला भूत दिलं. दोन वाक्यांचं. खालच्या मजल्यावरच्या सामंतांना, ज्यांना स्वतःचा फोन नंबर पाठ नाही, त्यांना भलंमोठं भाषण, आणि मला दोन वाक्यं! लागलं मला ते. सांगतो ना, आता लपवून काय करायचंय?

वसंता माझा समोरच्या दारातला. मित्र म्हणा, भाऊ म्हणा. त्याची एक लकब होती. घरी येताना बेल म्हणून कधी वाजवायचा नाही. जिन्याच्या शेवटच्या वळणावर दोनदा खोकायचा—एक लांब, एक आखूड. तो खोकला ऐकला की आत सुमनवहिनी उठायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. मी माझ्या घरात बसून ऐकायचो. आधी खोकला, मग पातेल्याचा आवाज.

एका सकाळी तो "येतो गं" म्हणून भाजीला गेला. मार्केटातच कोसळला.

आता आपल्यात 'जातो' कुणी म्हणतं का? दोन मिनिटं कोथिंबीर आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणूनच निघतो. आपण ऐकतो आणि सोडून देतो. वहिनींनी सोडलं नाही. वसंता गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, एकदा माझ्यापुढे थालीपीठ ठेवताना त्यांनी सांगितलं की दिवेलागणीला त्या बाहेरच्या दाराची कडी काढून ठेवतात. जेवणं होईपर्यंत. "मला कळतं हो भावजी, यायचे नाहीत ते. पण येतो म्हणून गेलेत. कडी मी कशी लावू?" आणि मग हळूच म्हणाल्या, "आमच्या निखिलला बोलू नका हं. त्याला वाटेल, आईचं डोकं फिरलं. उचलून बोरिवलीला नेईल मला." मी म्हटलं, वहिनी, तुमची शपथ.

त्यांना ते घर सोडायचं नव्हतं. एवढी एकच भीती होती त्या बाईला.

तर—मृण्मयीच्या घरी वाचन होतं सिनेमाचं. सगळे जमलेले, फक्त वहिनी नव्हत्या. माझी दोन वाक्यं आली आणि गेली, कुणी वर बघितलंसुद्धा नाही. आणि मग चहा चालू असताना मी... मी उठलो, दारामागे गेलो आणि खोकलो. एक लांब, एक आखूड. हुबेहूब! सगळे दचकले आणि मग जे हसले—अहाहा! मग मला थांबवतंय कोण? मी कडीचंही सांगितलं. नाव घेतलं नाही. 'आपल्याकडे एक बाई आहेत' असं म्हणालो. नावाची गरज होती का? मृण्मयी मात्र वसंता गेल्यानंतर राहायला आलेली, तिला खरंच कळलं नाही. तिचे डोळे चमकले. "नाना, हे सोनं आहे," म्हणाली.

माझं भूत मोठं झालं. सभा संपली की ते म्हणतं, "येतो हं!" आणि जिवंत मंडळी हात जोडतात, "येतो नको हो! एकदा तरी जातो म्हणा!" मग भूत खोकत जिना उतरतं आणि खालून ओरडतं, "कडी लावू नका गं!" माझीच वाक्यं ही. मीच सुचवली. शूटिंग मे महिन्यात वहिनी चिपळूणला बहिणीकडे गेल्या तेव्हा झालं. तो आठवडा कुणी सुचवला? तोही मीच. म्हणजे मला कळत होतं. न कळून झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

पहिला खेळ अंधेरीला, सिनेमावाले आपापसांत दाखवतात तसल्या एका छोट्या थिएटरात. रविवारी दुपारी. मृण्मयीने आमच्यासाठी मिनीबस केली होती. मागच्या रांगांत तिचे दोस्त, चपला काढून मांडी घालून बसलेले, आणि पुढे आम्ही. वहिनी माझ्या शेजारी. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती. "भावजींचा सिनेमा," असं सगळ्यांना सांगत होत्या. नका येऊ, असं मला सांगता आलं असतं. दुखतंय-खुपतंय सांगून त्यांच्यासकट घरी बसता आलं असतं. पण मग हशा कोण ऐकणार?

काय धमाल चालली होती! सामंत पडद्याकडे बघून मोठ्याने विचारत होते, "मी यात मेलोय का रे?" आणि त्यांची बायको, "तुम्ही मध्यंतरानंतर!" कुणाच्या तरी कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं. देशपांडेबाई पडद्यावर स्वतःच्या घरातला पंखा बघून ओशाळल्या—"अगं बाई, केवढी ती धूळ!" मागची पोरं भुतांना हसत होती, आणि आमची म्हातारी आपलीच डोकी बघून हसत होती. थिएटर डोक्यावर घेतलं होतं नुसतं.

मग माझा प्रवेश. पडद्यावर काळोखा जिना. आणि खोकला. एक लांब, एक आखूड.

वहिनी उठल्या.

म्हणजे पूर्ण नाही—अर्ध्या. हात खुर्चीवर टेकवून, पदर सावरत. घरी उठायच्या तशा. आधण ठेवायला.

मागून एक पोरगी म्हणाली, "आजी, बसा ना, दिसत नाहीये." वहिनी बसल्या. आणि तेवढ्यात पडद्यावर मी पावडर फासून आलो आणि जो काय हशा फुटला! मी तो ऐकत होतो. माझी बत्तिशी बाहेर होती. "येतो हं"ला हशा. "जातो म्हणा"ला त्याहून मोठा. "कडी लावू नका"ला टाळ्या! मी एकदाही मान वळवून शेजारी बघितलं नाही. इतकं जवळ बसून न बघायलाही मेहनत लागते हो, ती मी घेतली.

इथवरचं झालं ते मला वाटतं कुणीही माफ केलं असतं. वहिनींनी तर नक्कीच केलं असतं. खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

परत येताना साकीनाक्याला बस अडकली. वाट लागली होती ट्रॅफिकची. सगळे माझी पाठ थोपटत होते—"नाना, काय खोकलात!"—आणि मी फुगलो होतो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मग अगदी हळू, माझ्यापुरतंच विचारलं, "भावजी, ते कडीचं त्या मुलीला कसं कळलं?"

रागाने नाही हं. विचारलं फक्त. मी 'चुकलो वहिनी' म्हटलं असतं, तर त्या रडल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या आणि पाचव्या दिवशी थालीपीठ पाठवलं असतं. मी ओळखतो ना त्यांना. पण पुढच्या सीटवर मृण्मयी होती, मागे सामंत होते, आणि तो हशा अजून माझ्या अंगावरून उतरला नव्हता. मी म्हणालो, "तुम्हीच कधी बोलला असाल, वहिनी. विसरला असाल. वय झालं आता आपलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाबरल्या होत्या. आयुष्यात मी कुणाच्या चेहऱ्यावर तशी भीती बघितली नाही, आणि भुताचा सिनेमा बघून आलो होतो आम्ही! "मी बोलले?" म्हणाल्या. मी मान डोलावली. बस सुटली.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःला तपासायला लागल्या. माझं दार वाजवून विचारायच्या, "मघाशी मी गॅस बंद केला होता ना? तुम्ही होतात तेव्हा?" बोलता बोलता मध्येच थांबायच्या—"हे मी आधी सांगितलंय का तुम्हाला?" नव्हतं सांगितलेलं. कधीच काही दुसऱ्यांदा सांगितलं नाही त्यांनी. आणि दिवेलागणीला दाराची कडी लावायला लागल्या. विसरभोळ्या बाईने दार उघडं टाकू नये, म्हणाल्या. मी माझ्या घरात बसून तो कडीचा आवाज ऐकायचो.

एक वाक्य होतं. समोरच्या दारापर्यंत जाऊन बोलायचं एक वाक्य. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या बोलू. उद्या काय मुहूर्त होता का? पण नाही बोललो.

मग त्यांनीच निखिलला फोन केला. स्वतःहून. "मला आठवेनासं झालंय रे." पोरगा गुणी आहे, लगेच आला. डॉक्टरने काहीतरी वयाचं सांगितलं. सामानाच्या खोक्यांना मीच दोऱ्या बांधू लागलो. निखिल म्हणाला, "काका, तुमचा केवढा आधार होता आईला." मी दोरी आवळत होतो.

निघताना त्या माझ्या दारात आल्या. माझी प्रेशरची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही, ते बजावलं. दूधवाल्याला सुट्टे पैसे द्यायचे, गावदेवीच्या जत्रेला माझ्या मुलीच्या नावाचा नारळ ठेवायचा, मोरीचा नळ उजवीकडे जास्त पिळायचा नाही. सगळं आठवणीने. मग चप्पल घातली आणि म्हणाल्या, "जाते, भावजी."

मी म्हटलं, "वहिनी, असं काय? येते म्हणा."

"नको," त्या म्हणाल्या. "उगीच कुणीतरी कडी काढून बसायचं."

आणि जिना उतरल्या. वळणावरच्या खुर्चीला हात टेकत, सावकाश.

मुलुंड ते बोरिवली म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? घोडबंदरवरून बस आहे. मी गेलेलो नाही. फोन येतो त्यांचा कधीमधी, माझं नाव घेण्याआधी थोडं थांबतात, बरोबर आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं. मी 'बोला वहिनी' म्हणतो. परवा गणपतीत लोकांनी आग्रह धरला, नाना, तो खोकला होऊन जाऊ द्या! मी केला. एक लांब, एक आखूड. हशा आला.

समोरच्या दाराला कुलूप आहे. वहिनी काहीच विसरल्या नव्हत्या. मी सांगितलं होतं.