हरियलाच्या सात जाती

चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्याच्याच पोटात, आणि हरियल इतके की वडावर थवा उतरला की फांदी जमिनीला टेकायची. खोटं वाटत असेल तर तो वड अजून उभा आहे, वाकलेला.

मी गोंडपिपरीच्या बाजूला जंगलखात्यात नाकेदार होतो. नाक्यावरून दिवसभरात दोन बैलगाड्या जायच्या, एकीत बांबू, दुसरीत पुन्हा बांबू. बसून बसून अंगाला मुंग्या यायच्या. अशात एक छापील कागद आला. नागपूरच्या एका कॉलेजातले प्रोफेसर फळं खाणाऱ्या हिरव्या कबुतरांचा, म्हणजे आपल्या हरियलांचा, नकाशा करत होते. कोणती जात कुठल्या जंगलात, ते कळवायचं. खात्रीची नोंद आली की त्या गावावर ठिपका.

तलावावर एक म्हातारा ढिवर मासे धरायचा आणि फळं पिकली की वडाचा चीक फांद्यांना लावून हरियलही धरायचा. त्याला विचारलं, "भाऊ, इथी हरियल किती जातीचे?"

"सात," जाळ्याची गाठ न सोडता तो म्हणाला. "वडाचा, पिंपळाचा, उंबराचा, पाखरीचा, जांभळीचा, बोरीचा आन् चारोळीच्या चाराचा."

"ओळखता कसे?"

"खाऊन. वडाचा गोड लागते, जांभळीचा तुरट. तुमाले काय वाटलं, नाव इचारतो त्याले?"

मी सातही जाती लिहिल्या. पायांच्या रंगाचा रकाना रिकामा वाईट दिसत होता, म्हणून तोही भरला. पिवळे, लाल, निळे, आणि एकाला पट्टेदार. पंधरा दिवसांत उत्तर आलं, 'अद्भुत. स्वतः येतो.'

त्या दिवसापासून मी एका जागी बसलो नाही. नाक्यापासून तलाव, तलावापासून नाका, चपलेचे दोन अंगठे तुटले. नोकरीची भीती नव्हती. मला तो ठिपका हवा होता. घरात मी पाणी उकळलं म्हटलं तर बायको झाकण उघडून बघायची. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं खरं मानून कागदावर घेणार होतं.

प्रोफेसर आले, हाडकुळे, शांत. ढिवराने सात झाडांवरचे सात हरियल आणले. टेबलावर ओळीने मांडले. सहांचे पाय पिवळेधमक, सातव्याचे लाल. प्रोफेसरांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि लाल पाय पुसला. बोळा लाल झाला, पाय पिवळा.

"काथ का?" त्यांनी विचारलं.

"खैराचं जंगल आहे साहेब. पाखरू कुठंही बसते."

ढिवर लगेच म्हणाला, "मी नाई लावला. माह्या पाखराले चव असते, रंग नाई."

प्रोफेसर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, "झाडं सात, हरियल एकच. लाल पायांचे हरियल ओल्या जंगलांत, सह्याद्रीकडे. पिवळ्या पायांच्याचा ठिपका इथे आधीपासून आहे." म्हणजे माझा असा ठिपका उरलाच नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी नाल्याकडे निघालो, पाय थांबत नव्हते म्हणून. उंबरावरून कुणी रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला. वर बघतो तर कोंबडीएवढं कबूतर. डोकं राखाडी, पाठ तांब्यावर हिरवी झाक आल्यासारखी, शेपटीखाली विटकरी. आणि पाय लाल. मी नाही रंगवलेले.

मी धावत मोटारस्टँड गाठला. प्रोफेसर नागपूरच्या मोटारीत खिडकीशी बसले होते. धापा टाकत सगळं सांगितलं. ते माझ्या बोटांकडे बघत होते. काथ नखांतून निघाला नव्हता.

"असा पक्षी आहे," ते म्हणाले. "पण खूप पूर्वेला. नाकेदार, हे वर्णन तुम्ही कुठे वाचलंत?"

"साहेब, मी पाहून राह्यलो होतो आत्ता. चला, दहा मिनिटाची वाट आहे."

ड्रायव्हरने मोटार सुरू केली. प्रोफेसरांनी पेनाला टोपण लावलं आणि मला हात जोडले.

पुढे किती महिने मी त्या उंबराखाली घालवले, बायकोला विचारा. ढिवरालाही नेलं. तो वर बघून बघून मान चोळत म्हणाला, "एवढा मोठा म्हणता, मंग मले काऊन नाई दिसला? मोठं तं पयले दिसते."

आवाज पुन्हा आला नाही. नकाशा छापला गेला. नाक्यावर एक प्रत आली, त्यात आमच्या गावावर तो जुना पिवळ्या पायांचा ठिपका.

मी ही गोष्ट अजून सांगतो. पहिल्या वर्षी तो कोंबडीएवढा होता. लोक हसले, म्हणून तितराएवढा केला. आता साध्या कबुतरापेक्षा जरासा मोठा म्हणतो. तरी कुणीतरी विचारतंच, खरा केवढा होता? मी दोन्ही हात समोर धरतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बघत ते आणखी जवळ आणत जातो.